माप होते, आणि ते मराठीत होते

सीमाभागातील मराठी घरांत अलीकडे एक वाक्य फार ऐकू येऊ लागले आहे. सासरी गेलेली लेक म्हणते, नोकरीसाठी बेंगळुरूला किंवा पुण्याला गेलेला मुलगा म्हणतो, नव्याने घरात आलेली सूनही म्हणते: ‘आईंनी कधी मोजून घातलेच नाही. सगळा अंदाज. मग आम्ही शिकणार कसे?’ वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे. त्यात कौतुक आहे, थोडी हळहळ आहे आणि बोलणाऱ्याची अलगद झालेली सुटकाही आहे. आमचे म्हणणे असे की हे वाक्य खरे नाही. आईने मोजले. रोज मोजले, दोन्ही वेळा मोजले, आणि इतके नेमके मोजले की चाळीस वर्षे तिच्या आमटीत मीठ कमी-जास्त झाल्याचे कोणाला आठवत नाही. केवळ अंदाजाने चाळीस वर्षे नेम लागत नसतो. तिची मापे होती; ती मराठीत होती; आणि ती मराठी आपल्या तोंडून गेल्यामुळे ती मापे आपल्याला दिसेनाशी झाली आहेत.

भाषेच्या प्रश्नावरील लेखनात चूल कोठून आली, असे विचारणारी मंडळी आमच्यातच आहेत. त्यांच्या लेखी भाषेचा प्रश्न म्हणजे पाट्या, परिपत्रके, सातबारा, शाळांच्या तुकड्या आणि सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असलेला दावा. हे सारे प्रश्न खरेच आहेत आणि आम्ही त्यांवर लिहीत आलो आहोत. पण या मंडळींना आमचा एक प्रश्न आहे. सरकारी बाजूने आपल्याला गेली कित्येक दशके कोणते उत्तर मिळत आले आहे? ‘घरात मराठी बोला की, कोण अडवते?’ या उत्तराला आपण नेहमी अधिकारांच्या भाषेत प्रत्युत्तर दिले. घटनेच्या अनुच्छेद ३५०-अ चा दाखला दिला, जो १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आला आणि ज्यात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी राज्यांनी कराव्यात असे म्हटले आहे. प्रत्युत्तर योग्यच आहे. परंतु ‘घरात मराठी सुरक्षित आहे’ हे जे त्या उत्तरात गृहीत धरलेले असते, ते मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी मुकाट्याने मान्य करून टाकले. ते गृहीतच चुकीचे आहे, आणि याचा पुरावा शोधायला कचेरीत जावे लागत नाही. स्वयंपाकघरात जावे.

शाळेत जे शब्द येत नाहीत, ते घरात एक पिढी टिकतात, दुसऱ्या पिढीत नुसते समजतात आणि तिसऱ्या पिढीत ऐकूही येत नाहीत. कानडी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेले आपले मूल मराठी बोलते, उत्तम बोलते. पण ‘पसाभर’ म्हटले की त्याचा चेहरा कोरा होतो. आजी म्हणते, ‘पीठ वैर, हात थांबवू नको.’ नातवंडाला हात कळतो, थांबणे कळते, पीठ कळते. वैरणे कळत नाही. उकळत्या पाण्यात एका हाताने पीठ धार धरून सोडायचे आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, ही सारी क्रिया त्या एका क्रियापदात आहे. शब्द कळला नाही की कृतीही कळली नाही. मग नातवंड म्हणते, आजी नीट सांगतच नाही.

आता या मापांकडे जरा भाषेच्या अंगाने पाहू, कारण आमचा दावा तेथेच उभा आहे. मराठीत ‘-भर’ हा प्रत्यय आहे. तो कोणत्याही पात्राला किंवा अवयवाला जोडला की माप तयार होते: चिमूटभर, मूठभर, पसाभर, ओंजळभर, पळीभर, बोटभर, पेरभर. यांत क्रम आहे. चिमूट अंगठा आणि दोन बोटांची. मूठ मिटलेल्या हाताची. पसा एका हाताचा, पण उघड्या तळव्याचा. ओंजळ दोन्ही हातांची. मूठ आणि पसा यांत फरक आहे हे ज्याला ठाऊक नाही त्याला दोन्ही ‘अंदाज’ वाटणारच. मग ‘-एवढा’ आहे, आणि त्यामागे एक आख्खी फळा-बियांची मापपेटी आहे: मोहरीएवढे, हरभऱ्याएवढे, बोराएवढे, सुपारीएवढे, आवळ्याएवढे, लिंबाएवढे. चिंच आमटीला बोराएवढी आणि सांबाराला लिंबाएवढी, असे सांगणारी बाई तुम्हाला अंदाज सांगत नाही. आकारमान सांगते, आणि ज्या वस्तूशी तुलना करायची ती वस्तू त्याच स्वयंपाकघरात फळीवर ठेवलेली असते.

तिसरा प्रत्यय ‘-सर’. सैलसर, घट्टसर, पातळसर, जाडसर, लालसर, ओलसर. इंग्रजी पाककृतीत जेथे किती मिनिटे भाजावे ते लिहिलेले असते, तेथे आपली आई ‘लालसर होईस्तोवर’ म्हणते, आणि तिचे म्हणणे अधिक शास्त्रशुद्ध आहे. मिनिटे शेगडीवर, कढईच्या बुडावर, रवा किती बारीक आहे त्यावर अवलंबून असतात; लालसरपणा फक्त रव्यावर अवलंबून असतो. आणि ‘-पुरते’? ‘डाळ बुडेपुरते पाणी’ हे माप भांडे रुंद असो वा उभट, बरोबरच येते. ‘दोन पेले पाणी’ रुंद पातेल्यात डाळीला कोरडे पाडते.

यापुढची पायरी कसोट्यांची आहे, आणि आमच्या मते मराठी स्वयंपाकाचे खरे मोजमाप तेथे आहे. मोहन पुरेसे झाले का? पिठाचा मुटका वळून पाहावा. वळला आणि सुटला नाही तर झाले. पुरण झाले का? उलथणे मध्ये रोवून सोडून द्यावे. उभे राहिले तर झाले. पाक झाला का? दोन बोटांमध्ये धरून ताणावा. एक तार आली तर एकतारी, दोन आल्या तर दोनतारी, आणि पाण्यात टाकल्यावर गोळी झाली तर गोळीबंद. शिऱ्याला तूप सुटले पाहिजे, रश्श्याला कडेने तेल सुटले पाहिजे, घावनाला जाळी पडली पाहिजे, भाकरीला पापुद्रा सुटला पाहिजे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपण भाषणांत अलंकार म्हणून वापरतो. मुळात ती नमुनापरीक्षणाची रीत आहे. एक शीत चिमटीत दाबायचे, मध्ये कणी लागली तर आणखी एक वाफ. प्रयोगशाळेत याहून वेगळे काय करतात?

या सगळ्याला ‘अंदाज’ म्हणण्याची आपल्याला सवय का लागली, याचाही विचार करावा. सोनार गुंजेने सोने तोलत असे. गुंज म्हणजे काय? रानातल्या वेलीची बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आपल्या आजोबांनी शाळेत पाठ केले, आणि सोनाराच्या त्या बीला कोणी अंदाज म्हटले नाही. तो धंदा, ती विद्या. वैद्याने मूठभर पाला आणि चिमूटभर चूर्ण सांगितले तर ते शास्त्र. मात्र आईने मूठ आणि चिमूट म्हटली की तो अंदाज. जी विद्या पुरुषाच्या दुकानात होती तिला मापे होती, आणि जी बाईच्या चुलीपाशी होती तिला नुसता ‘हाताचा गुण’ होता, असे हे गणित आहे. ‘तिच्या हाताची चव तिच्याबरोबर गेली’ हे वाक्य श्रद्धांजलीत शोभते. परंतु त्याचा अर्थ असा की जे तिने शिकून, चुकून, सुधारून कमावले होते ते तिच्या त्वचेत होते, डोक्यात नव्हते. हा गौरव नव्हे. आम्हाला तो अपमान वाटतो.

येथे १९५६ सालाबद्दल थोडे लिहिणे भाग आहे. त्या वर्षी एक नोव्हेंबरला बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली, हे आपल्या प्रत्येक सभेत सांगितले जाते. त्याच वर्षी संसदेने वजन-मापांच्या दशमान पद्धतीचाही कायदा केला, हे सहसा कोणी सांगत नाही. १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोची वजने आली. म्हणजे ज्या दोन-तीन वर्षांत आपल्या आज्यांच्या डोक्यावरचे राज्य बदलले, त्याच वर्षांत त्यांच्या हातातला शेरही गेला. चार शेरांची पायली, अर्ध्या शेराचे मापटे, पाव शेराचे चिपटे, त्याखाली कोळवे आणि निळवे, ही सगळी उतरंड बाजारातून उठली. दशमान पद्धतीविरुद्ध आमची तक्रार नाही. पायली गावोगावी वेगळी होती आणि त्या गोंधळात शेतकरीच नागवला जात होता. नोंद वेगळ्याच गोष्टीची करावयाची आहे. राज्य बदलले तेव्हा माणसे रस्त्यावर आली, अर्ज गेले, आयोग बसले. शेर गेला तेव्हा मात्र स्वयंपाकघरात काहीही बिघडले नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत चकली तशीच झाली. असे कसे झाले?

असे झाले, कारण त्या बायकांनी मापे पाठ केली नव्हती, प्रमाणे पाठ केली होती. चकलीच्या भाजणीचे उदाहरण घ्या. तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक. कोणाकडे मुगाची डाळही पडते, वर धणे-जिरे. चार काय? चार शेर म्हणा, चार मापटी म्हणा, चार वाट्या म्हणा, चार रिकामे डालड्याचे डबे म्हणा. चाराला दोन आणि दोनाला एक हे नाते ढळत नाही. उकडीचे मोदक करताना पिठाइतकेच पाणी. पुरणाला डाळीच्या बरोबरीने गूळ. ज्या भांड्याने एक मोजले त्याच भांड्याने दुसरे मोजायचे, एवढाच नियम. ते भांडे कोणत्या सरकारने प्रमाणित केले आहे याच्याशी काही घेणेदेणे नाही. शाळेत ज्याला गुणोत्तर म्हणून शिकवतात आणि ज्यात आमची मुले नापास होतात, ते या बाया शाळेत न जाता चालवीत होत्या. एवढे असूनही त्यांच्याच घरातली पदवीधर मुले म्हणतात की आईने मोजले नाही.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. आक्षेप असा: ‘तुमची चिमूट तुमच्या हाताची, आमची आमच्या हाताची. ग्राम सगळ्यांचा सारखा. वारसा जपायचा तर ग्रामातच लिहून ठेवला पाहिजे, बाकी भावनेचा खेळ आहे.’ ग्रामात लिहावे. आम्ही स्वतः लिहितो. पण ग्राम सगळीकडे सारखा असला तरी पीठ सगळीकडे सारखे नसते, आणि हे आक्षेपकांच्या ध्यानात आलेले नाही. जोंधळ्याची भाकरी घ्या. जोंधळ्यात गव्हासारखा चिकटा नसतो. पिठाला जी काही धरून ठेवण्याची शक्ती असते तिला आपल्याकडे विरी म्हणतात. ताज्या दळलेल्या पिठाला विरी असते, पंधरा-वीस दिवसांनी ती जाऊ लागते, आणि मग थाप्याखाली भाकरी चिरते. तेव्हा आई काय करते? पाणी गरम घेते, पीठ जुनेच असेल तर आधणाचे घेते, आणि तळहाताच्या मुळाने जास्त वेळ मळते. किती पाणी? ‘पीठ मागेल तेवढे.’ हे उत्तर टाळाटाळीचे नाही. पावसाळ्यात पीठ हवेतले पाणी ओढून बसलेले असते, वैशाखात ते कोरडे असते. दोन्ही ऋतूंत एकच मिलिलिटर सांगणारे पुस्तक एका ऋतूत नक्की चुकते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचे आणि ते वाळायच्या आत उलटायची. वाळू दिले तर भाकरी फुगत नाही. हे ‘वाळायच्या आत’ सेकंदांत लिहून दाखवा. जाळ बदलला की सेकंद बदलतील, पाणी वाळण्याची खूण बदलणार नाही.

तांदळाचेही तसेच. नवा तांदूळ कमी पाणी घेतो, जुना जास्त. खानापूर-बेळगावकडचा वासाचा तांदूळ सुगीनंतर लगेच शिजवला आणि वर्षभराने शिजवला तर एकाच वाटीला दोन वेगळी पाणी लागतात. म्हणून आजी आधी विचारते, ‘तांदूळ नवा की जुना?’, आणि मग तांदळावर पेर टेकवते. मिठाचे तर सांगायलाच नको. जुन्या वहीत ‘चमचाभर मीठ’ असे सापडले तर ते खडे मीठ होते हे लक्षात ठेवावे. आजचे बारीक मीठ त्याच चमच्यात अधिक मावते, आणि वहीबरहुकूम केलेली आमटी खारट होते. आईची चिमूट मात्र खडे मिठाची वेगळी आणि बारीक मिठाची वेगळी असते, कारण बोटांना ते कळते.

छापील पाकशास्त्राविषयी आमचे काही वाकडे नाही. मराठीत ही परंपरा जुनी आहे: १८७५ च्या सुमारासचे ‘सूपशास्त्र’, १९१० चे लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’, आणि ज्याने हजारो नव्या संसारांना आधार दिला ते कमलाबाई ओगले यांचे १९७० चे ‘रुचिरा’. ‘रुचिरा’ने वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे छापखान्यात नेली, हे त्या पुस्तकाचे मोठेपण आहे. पण ही पुस्तके आपल्या चुलीसाठी लिहिलेली नव्हती, आणि तशी अपेक्षाही करू नये. सीमेवरच्या घरातली हुग्गी, आंबील, संक्रांतीच्या तीळ लावलेल्या भाकरी, शेंगांची चटणी कुटताना लसूण कधी टाकायचा आणि का कधीच आधी टाकायचा नाही, हे ज्या बायकांना ठाऊक आहे त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. त्यांनी सांगितले. ऐकणारे आपण होतो.

‘हुग्गी’ हा शब्द वाचून काही शुद्धिप्रेमी वाचकांच्या कपाळाला आठी पडली असेल. पुण्याकडून येणारे पाहुणे आपल्या घरी जेवताना हा शब्द ऐकतात आणि समजावतात की ही ‘गव्हाची खीर’ आहे. त्यांना नम्रपणे सांगावे, की वाढलेल्या खिरीवर जे तूप तुम्ही मागता ते ‘तूप’ही कानडीकडूनच आलेले आहे, शालेय व्याकरणाची पुस्तके कानडीतून आलेल्या शब्दांत तूप, विळी, अडकित्ता हे शब्द गेली कित्येक वर्षे पाठ करून घेत आहेत. गोव्याच्या मराठी घरातून बटाटा, पाव आणि काजू काढून दाखवा. आपली आजी ‘मी भाकरी करूलालोय’ म्हणत असेल तर ती वहीत ‘करते आहे’ अशी दुरुस्त करणे हा तिच्यावर अन्यायच आहे. आपल्यावर राज्य बदलले म्हणून आपण भांडतो, आणि आपल्याच आजीचे वाक्य बदलायला आपण कोणाची परवानगी घेत नाही, हे जमत नाही.

तसेच हेही स्पष्ट करावे, की या प्रकरणात शेजारी आपला प्रतिपक्ष नाही. कानडी आईच्या स्वयंपाकघरात चिमूट ‘चिटिके’ असते, मूठ ‘हिडी’, ओंजळ ‘बोगसे’. तीच शरीराची मापे, तोच क्रम. आणि तिची इंग्रजी माध्यमातली नात ‘बोगसे’ म्हटल्यावर जशी गोंधळते तशीच आपली ‘ओंजळ’ म्हटल्यावर. भांडण आहे ते सरकारच्या भाषाधोरणाशी. एका गल्लीत पाण्याच्या नळावर उभ्या राहिलेल्या दोन बायकांनी एकमेकींना हुग्गीचे प्रमाण सांगितले यात कोणाचीही हार नव्हती.

सीमेपलीकडे आणखी दूर राहणाऱ्या आपल्या वाचकांना, म्हणजे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील कुटुंबांना, हा प्रश्न आमच्याहून अधिक जवळून ठाऊक असेल. जेथे मराठी शाळा बंद पडली तेथे मराठी कोठे उरली? देवघरात आणि स्वयंपाकघरात. तंजावरच्या मराठी घराण्यांचे उदाहरण या बाबतीत विचार करायला लावणारे आहे. तेथे सरफोजीराजांच्या काळातले मराठी पाकशास्त्राचे हस्तलिखित सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेले आहे. म्हणजे महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलखात, दोनशे वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटले की हे मराठीत लिहून ठेवले पाहिजे. राजवाड्याच्या मुदपाकखान्याला लेखक मिळाला. खानापूरच्या, निपाणीच्या, भालकीच्या घरांतील चुलींना तो मिळाला नाही, आणि आता तो घरातल्याच माणसाने व्हायचे आहे.

त्यासाठी काय करावे, याबद्दल आमचा अनुभव सांगतो. आईला समोर बसवून ‘सांग, कृती सांग’ असे म्हणू नये. ती ‘काय सांगायचे त्यात’ म्हणेल, कारण तिला जे ठाऊक आहे ते तिच्या हालचालीत आहे. चुलीपासून दूर ती आठवतही नाही. ती करीत असताना शेजारी उभे राहावे, आणि तेही एकदा नव्हे. ‘किती?’ हा प्रश्न टाळावा. ‘झाले हे कशावरून कळते?’ असा प्रश्न विचारावा. या दुसऱ्या प्रश्नाला आजवर एकाही बाईने ‘अंदाजाने’ असे उत्तर आम्हाला दिलेले नाही. कोणी म्हणाले, ‘फेस बसला की.’ कोणी म्हणाले, ‘आवाज बदलतो बघ, आधी तडतडतं मग चुरचुरतं.’ कोणी म्हणाले, ‘वास आला न्हवं का?’ ही उत्तरे आहेत, आणि ती जशीच्या तशी लिहून घ्यावीत. ‘न्हवं का’ सुद्धा.

वहीच्या पानाचे दोन भाग करावेत. डावीकडे तिचे शब्द, तिच्या बोलीत, एकाही शब्दाला हात न लावता. उजवीकडे, तिने चिमूट उचलली की ती भांड्यात पडण्यापूर्वी छोट्या काट्यावर ठेवून येईल ते वजन. पाच वेळा तोलावे, आणि पाचही आकडे लिहावेत. ज्यांना आईचा अंदाज म्हणून कौतुक वाटते त्यांनी हा प्रयोग अवश्य करावा आणि ते पाच आकडे एकमेकांपासून किती दूर पडतात ते डोळ्यांनी पाहावे. उजवी बाजू परदेशी असलेल्या नातवाच्या उपयोगी पडेल. पण पीठ बदलले, जाळ बदलला, मीठ बदलले की त्याला डावीकडेच यावे लागेल, आणि डावीकडचे वाचता यावे म्हणून त्याला पसा, पेर, विरी, वैरणे हे शब्द आधीच कोणी तरी दिलेले असले पाहिजेत. ते शब्द घरातल्या लहान मुलांकडून आता, भाकरी थापतानाच, बोलून घ्यावेत. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाताचा पसा केवढा होतो हे त्याला मोजायला फार आवडते.

आषाढ संपला की श्रावणाचे पुरण येईल, त्यामागून गौरींचे, आणि मग दिवाळीची भाजणी. भाजणी भाजताना आई तांदूळ आधी घेते की डाळ, आणि उडीद शेवटी का, हे या वर्षी विचारून ठेवावे. वही आणि काटा दोन्ही बरोबर असू द्यावेत, आणि बोलणे सुरू झाले की वही लगेच उघडू नये. पहिली पाच मिनिटे ती शेजारणीच्या चकल्या का मऊ पडतात तेच सांगत राहील, आणि त्यातच निम्मी कृती असेल.